बोर्ड बदलला, पासवर्डही बदलला, तरी जुना फोन आत कसा? आधी जीमेल बघा

तुम्ही लिहिलंय की फोन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टाकला, त्यांनी मदरबोर्ड बदलून दिला, आणि आता इन्स्टाच्या लॉगिन असलेल्या डिव्हाइसच्या यादीत तुमचाच जुना हँडसेट 'ॲक्टिव्ह नाऊ' दिसतोय. पासवर्ड बदललात, यादीतून काढलात, तरी संध्याकाळी स्वारी परत हजर. अगदी हेच माझ्या बाबतीत झालं होतं, बोर्डासकट. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पासवर्ड कसा ठेवावा, ओटीपी कुणाला देऊ नये वगैरे सोडून देते, ते तुम्हाला येत असणारच.

मी आयटीतली नाही, हिशेब तपासायची कामं करते. शिवाय जे सांगतेय ते अँड्रॉइडचं. आयफोनवाल्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं. मेनूंची नावंही अपडेट आलं की इकडची तिकडे होतात, तेव्हा शब्दशः धरू नका.

तुमच्या प्रश्नातली खरी गोम एका ओळीत आहे: "जॉबशीटवर पॅटर्न काढून दिला होता." जॉबशीट म्हणजे फोन घेताना सेंटरवाले भरून घेतात तो कागद, आणि पॅटर्न म्हणजे स्क्रीनचं कुलूप उघडायच्या रेघा. आजकालच्या फोनमध्ये मेमरी बोर्डावरच बसवलेली असते. बोर्ड बदलला म्हणजे तुमच्या हातात परत आली ती जुनी काच आणि जुनी बॉडी. फोटो, ॲप, लॉगिन सगळं सेंटरकडे राहिलेल्या बोर्डावर. तो कायमचा मेला असेल तर प्रश्नच नाही. पण कुणी तो जिवंत करून दुसऱ्या बॉडीत बसवला आणि त्याला पॅटर्न माहीत असला, तर तो तुमचाच फोन झाला की. आणि पॅटर्न माहीत असतोच, कारण जॉबशीटवर नऊ ठिपक्यांचा चौकोन छापलेलाच असतो. काउंटरवरचा मुलगा पेन पुढे करतो, "पॅटर्न काढा मॅडम, टेस्टिंगला लागतो." फोन सुरूच होत नाही तर टेस्टिंग कसलं, असं विचारलं तर "त्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही." मागे रांग उभी असते, माणूस रेघा ओढून मोकळा होतो.

आता पासवर्ड बदलून उपयोग का झाला नाही? ॲपमध्ये एकदा शिरलं की पुढे रोज पासवर्ड विचारला जात नाही. सर्व्हरने दिलेलं एक टोकन फोनमध्ये पडून असतं, त्यावर काम चालतं. कुलूप बदललं पण आत बसलेल्याला उठवलंच नाही, अशी गत. फेसबुक-इन्स्टावर पासवर्ड बदलताना बाकीच्या डिव्हाइसवरून लॉगआउट करायचं का, असं विचारतात. घाईत ते राहून जातं. पण तुम्ही तर यादीतून काढूनही तो परत येतोय. म्हणजे त्याच्याकडे शिरायची दुसरी वाट आहे.

माझ्याकडे ती वाट जीमेलची होती. त्या बोर्डावर जीमेल उघडंच होतं. समोरच्याने 'फरगॉट पासवर्ड' दाबायचं, कोड मेलवर यायचा, तो वाचून मेल उडवून टाकायचा आणि आरामात आत. इन्स्टा मी कितीही वेळा झाडून काढलं असतं तरी काय फरक पडणार होता? त्यात आणखी एक भानगड आहे. दुसरीकडून लॉगिन होताना गूगल "तुम्हीच आहात का?" असं फोनवर विचारतं ना, ते आधीपासून साइन-इन असलेल्या फोनांवर जातं. जुन्या बोर्डावरही. आणि गूगलचा पासवर्ड बदलला की सगळीकडून बाहेर पडतो म्हणतात, त्याला अपवाद आहेत. ज्या डिव्हाइसवरून तुम्ही ओळख पटवता ती त्यातून वगळलेली असतात. म्हणजे नेमका जो फोन बाहेर काढायचा, तोच आत राहतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा, आणि इथे लोक हमखास उलटं करतात. पहिल्यांदा सगळ्या याद्यांचे स्क्रीनशॉट काढा: डिव्हाइसचं नाव, वेळ, ठिकाण. मग दुसऱ्या फोनवरून गूगलचं 'फाइंड हब' उघडा, पूर्वी त्याला 'फाइंड माय डिव्हाइस' म्हणायचे. तिथे जुना हँडसेट दिसत असेल तर 'इरेज' द्या. तो ऑनलाइन आहे हे तुम्हीच सांगताय, म्हणजे आदेश पोचेल. मॉडेल एकच असणार, तेव्हा नव्या बोर्डावर चुकून दाबू नका! शेवटचं कधी दिसला ते बघून खात्री करा. आधी साइन-आउट केलंत तर इरेजची संधी गेली, कारण गूगल खातं निघालं की तो फोन तुमच्या यादीतच राहत नाही. पोलिसांत जायचं असेल तर मात्र इरेज करण्याआधी त्यांना विचारा, पुरावाही त्याबरोबर पुसला जाऊ शकतो.

त्यानंतर गूगल अकाउंट, सिक्युरिटी, 'युवर डिव्हाइसेस', तिथून जुना फोन साइन-आउट. मग पासवर्ड. मग रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल तुमचेच आहेत का ते बघा, बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना लॉगिनला चालतात ते) नवे काढा. एवढं झालं की कॉम्प्युटरवर जीमेल उघडून फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. हे टाळू नका. तुमचे मेल परस्पर तिसऱ्याच पत्त्यावर जात असतील तर सगळे फोन बाहेर काढूनही काही होत नाही. जीमेल स्वच्छ झाल्यावरच इन्स्टा-फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरला हात लावा: पासवर्ड अँड सिक्युरिटी, 'व्हेअर यू आर लॉग्ड इन', सगळे निवडून बाहेर, लगेच नवा पासवर्ड.

यादीत ठिकाण भलतंच दिसलं तर तेवढ्यावरून घाबरू नका. ते इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलेलं असतं; मोबाइल डेटावर कोल्हापुरात बसलेला माणूस मुंबईत दिसू शकतो. डिव्हाइसचं नाव आणि वेळ जास्त भरवशाची.

व्हॉट्सॲपचं त्या मानाने सोपं. नव्या बोर्डावर नंबर टाकून सुरू केलंत की जुन्यावरचं आपोआप बंद होतं. पण जाता जाता 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडाच. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला क्यूआर स्कॅन केलेला असतो आणि तो तसाच राहतो. मेन फोन १४ दिवस वापरला नाही तर लिंक तुटते खरी, पण आपण फोन रोजच वापरतो. टेलिग्रामवर 'टर्मिनेट ऑल अदर सेशन्स' आहे, मात्र नुकत्याच लॉगिन केलेल्या फोनवरून जुनी सेशन्स लगेच काढता येत नाहीत, थांबावं लागतं. लॅपटॉपवर टेलिग्राम आधीपासून चालू असेल तर तिथून काढा.

आता त्या सेंटरबद्दल. नाव घेत नाही. मी स्क्रीनशॉट घेऊन गेले, तर उत्तर काय, "जॉब क्लोज झालाय मॅडम." बोर्ड कुठे आहे? "बदललेला पार्ट कंपनीची प्रॉपर्टी." बरं, नष्ट केला असं लिहून द्या. "तसं लेटर आमच्या फॉरमॅटमध्ये नाही." जुना आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक करावा म्हटलं, तर त्याला फोन हरवल्याची पोलीस तक्रार लागते, आणि चौकीत म्हणाले, बाई, फोन तर तुमच्या हातात आहे. पार्ट कंपनीचा असेल, मान्य. त्यावरचे माझ्या आईचे फोटो कंपनीचे कधीपासून झाले?

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे (कुणाला टोकाचं वाटेल): पॅटर्न कुणालाही द्यायचा नाही. फोन सुरू होत असेल तर बॅकअप घेऊन रीसेट करूनच द्या. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे, दुरुस्तीच्या वेळी आपली माहिती झाकून ठेवायला. फोन मेलेला असेल तर सेंटरला जाण्याआधी घरूनच, दुसऱ्या फोनवरून, सगळीकडून बाहेर काढा. पॅटर्नशिवाय घेणार नाही म्हणाले तर "तसं लिहून द्या" म्हणा. मी हल्ली म्हणते, आणि आश्चर्य म्हणजे सिस्टीम पुढे जाते.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. नसतील तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका आणि पोचपावतीचा नंबर जपून ठेवा. सेंटरशी पुढचा पत्रव्यवहार त्याच नंबरचा उल्लेख करून, ईमेलवर, तोंडी काही नाही. आणि हो, *#०६# दाबून येणारा आयएमईआय बिलावरच्या नव्या नंबरशी जुळतो का ते बघा. जुळला नाही तर पुन्हा तिकडे जावं लागेल. जाताना कुणाला तरी सोबत न्या, एकट्या माणसाला ते लोक फार बसवून ठेवतात.