टोकन देण्याआधी एकदा झडीत जाऊन या

भाऊ, जळगाव एमआयडीसीत नोकरी, पहिलंच घर, सावखेडा शिवारात ३० लाखांचं रो-हाऊस, आणि एजंट म्हणतो परवापर्यंत लाखाचं टोकन द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. ते दुसरं गिऱ्हाईक २०१४ साली माझ्याही वेळी उभं होतं. मला अजून भेटलेलं नाही.

टोकन थांबवा. दोन दिवस पावसाची झड लागली की मोटारसायकल काढून त्या कॉलनीत जा. मी माझं घर एप्रिलमध्ये पाहिलं होतं. रस्ता कडक, भिंती गुळगुळीत, सगळं झकास. पहिल्या पावसाळ्यात गाडी डांबरी रस्त्यावर लावून चपला हातात घेऊन घरी यायचो. दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघाली. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया तिच्याखाली मुरमापर्यंत नेला नसेल तर घर तिच्या तालावर हलतं. बिल्डर म्हणाला, 'प्लास्टरची आहे, काळजी नको.' दोनदा बुजवली, दोनदा उघडली. तेव्हा पाया किती खोल घेतला, काळी माती काढून मुरूम भरला का, हे विचाराच. पण त्याच बिल्डरच्या तीन-चार वर्षं जुन्या घरांचे कोपरे पाहून या, उत्तर तिथे मिळेल. जोत्याची उंचीही बघा. पुढे रस्त्यावर काँक्रीट पडलं की रस्ता वर येतो आणि पाणी अंगणात.

पाण्याचं एजंटला विचारू नका. ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजीला विचारा, 'नळले पानी कवय येस?' (नळाला पाणी कधी येतं?) बोअरला मे महिन्यात पाणी राहतं का, टँकर लागतो का, तेही तीच सांगेल.

आता पैसे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, म्हणजे तुमचे किमान ३ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मात्र या हिशोबात धरत नाहीत. महापालिका हद्दीत ६ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. ५ लाख १० हजार रोख हाताशी हवेतच; वकील, मीटर, ग्रिल, टाकी वेगळं. खरेदी फक्त वहिनींच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, दोघांच्या नावावर केली तर नाही. भोगवटा प्रमाणपत्राआधी घेतलंत तर जीएसटीही विचारून घ्या.

महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडच्या नोंदणीचा, नंबर मागा. पण आपल्याकडे एकेका प्लॉटवर चार-सहा घरांच्या स्कीम फार, आणि आठपर्यंत घरं किंवा ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन असेल तर रेरा नोंदणी सक्तीची नाही. अशा वेळी कागद तुम्हालाच वाचायचे आहेत. नोंदणी असेल तर नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

कागदांत एनएचा (जमीन बिगरशेती झाल्याचा) आदेश, मंजूर ले-आऊट, बांधकाम परवानगी आणि सातबारा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (विकायला सरकारी परवानगी लागते अशी जमीन) दिसलं तर त्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. 'इतर हक्क' रकाना सावकाश वाचा. खान्देशात तिथे दोन गोष्टी बऱ्याचदा सापडतात: विकास सोसायटीच्या शेतीकर्जाचा बोजा आणि बहिणींची नावं. शेतकऱ्याने जमीन विकली तेव्हा बहिणींनी हक्कसोड दिलं होतं का, हे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) पाहिल्याशिवाय कळत नाही. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) स्वतःच्या वकिलाकडून घ्या; बिल्डर 'आमचे वकीलसाहेब आहेत ना' म्हणेल, त्यांना चहा पाजून नमस्कार करा. बँकही कागद तपासते, पण ती तिच्या पैशांपुरती.

आणि एजंटला आजच फोन करून फक्त जमिनीचा गट नंबर मागा. तो द्यायला त्याने दोन दिवस लावले, तर परवाची मुदत त्यानेच मोडली.