वाचकांचे प्रश्न : तेच बिस्कीट, तीच वाटी

स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेली मुलं, चव-वास-स्पर्शाला फार हळवी असलेली मुलं. त्यांच्या जेवणाबद्दल नागपुरातून आलेली पत्रं या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. उत्तरं बाल-आहारतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या हालचाली-सवयी शिकवणारे उपचारक) यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा, स्वमग्न. खातो काय, तर दूधभात, एकाच कंपनीचं ग्लुकोज बिस्कीट आणि खारे वेफर्स. दूध मात्र दिवसाला लिटरभर. सासूबाई म्हणतात, दोन दिवस उपाशी ठेव, भूक लागली की झक मारत खाईल. ठेवून बघू का?
– एक आई, प्रतापनगर

उत्तर : नका ठेवू. हट्टी पोरावर हा उपाय कदाचित चालतो, तुमच्या मुलावर उलटेल. पुष्कळ स्वमग्न मुलांना भूक लागल्याचं पोटातून नीट कळतच नाही. त्यात ताटाची धास्ती बसली की उरलीसुरली भूकही मरते. दोन दिवसांनी तो भाजी खाणार नाही, दूधभातही सोडेल. मग हातात उरेल एक बिस्कीट.

त्याला बिस्कीटच का चालतं, ते आधी बघा. बिस्कीट रोज तेच असतं. आकार, रंग, तोंडात फुटताना होणारा आवाज, कशातच फरक नाही. वांग्याची भाजी सोमवारी पातळ, बुधवारी घट्ट, एका घासात बी, दुसऱ्यात साल. त्याच्या दृष्टीने हे रोज नवं संकट. म्हणून त्याचे तीन पदार्थ बंद करायचे नाहीत. दर जेवणाला त्यातला एक तरी ताटात हवाच. तो दिसला की मूल बसतं, आणि बसलं तरच पुढचं काही होतं.

पहिलं काम दुधाचं. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरतं, दही-ताक धरून. फुल क्रीम दूध लिटरभर म्हणजे साडेआठशेच्या आसपास कॅलरी, आणि या वयाची दिवसाची गरज साधारण १३५०. भूक लागणार कुठून? शिवाय दुधात लोह जवळजवळ नाही, आणि दुसरीकडून आलेलं लोहही दूध नीट शोषू देत नाही. कमी करताना पाणी घालू नका, त्याला पहिल्या घोटात कळेल. पेला तोच ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी प्रत्येक वेळचं दूध ५० मिलीने कमी करा. दूध खाण्याआधी नाही, खाल्ल्यावर. झोपतानाचं दूध सगळ्यात शेवटी कमी करायचं, नाहीतर घरादाराची झोप जाईल.

दूध उतरवत असतानाच रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. पाच ते अकरा वर्षांत हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पण हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह, म्हणजे फेरिटिन, संपलेलं असू शकतं. माती, खडू, पाटीची पेन्सिल खाणं किंवा झोपेत पाय झाडत राहणं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. लोहाचं औषध मात्र मनाने सुरू करू नका. जास्त झालेलं लोह मुलांना विषासारखं बाधतं, बाटली मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

आता नवा पदार्थ. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रंग, आकार, चव, पोत, कंपनी यांतली एक. बिस्किटापासून सुरुवात केली तर वाट अशी: तेच बिस्कीट अर्धं मोडून, मग दुसऱ्या कंपनीचं ग्लुकोज, मग बेकरीतलं गव्हाचं, मग पातळ टोस्ट, मग खाकरा, मग तव्यावर कडक केलेली पोळीची कड. वेफर्सची वाट उन्हाळ्यातल्या वाळवणातून जाते: घरचे बटाट्याचे वेफर्स, मग ज्वारीचे धापोडे, मग मुगाचा पापड. कुरकुरीतपणा कायम राहतो आणि हळूहळू डाळ पोटात जाते. एका पायरीवर मूल चार-पाच वेळा निवांत खाईपर्यंत थांबा. अडलं तर एक पायरी मागे या.

दूधभातात गडबड होते ती वाटीत. लोक त्याच्या वाटीतच चमचाभर वरण ढवळतात आणि वाटीवरचा विश्वासच जातो. त्याची वाटी तशीच राहू द्या. शेजारी छोट्या वाटीत दोन चमचे दूधभात घ्या, त्यात हळद न घातलेलं मूगडाळीचं पातळ पाणी एक चमचा. रंग पांढराच राहतो. त्या वाटीला त्याने हात नाही लावला तरी चालेल. बघणं, मग हात लावणं, मग वास, मग ओठाला टेकवणं, मग चावून थुंकणं, असं ते पुढे सरकतं. थुंकायला वेगळी वाटी द्या आणि थुंकल्यावर रागावू नका. थुंकता येतं हे माहीत असलेलं मूल तोंडात घालून बघतं. पहिला घास ज्वारीच्या दाण्याएवढा. साध्या मुलांनाही नवी चव दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, इथे त्याहून जास्त धरा. चौथ्या दिवशी ‘याला हे आवडतच नाही’ म्हणून सोडून देणं, ही सगळ्यात नेहमीची चूक.

एक बारीकशी गोष्ट. कंपनी बिस्किटाचा पुडा बदलते आणि मूल बिस्कीट सोडतं, हे होतंच. आत्तापासूनच बिस्किटं स्टीलच्या डब्यात काढून त्यातूनच द्या.

वीसपेक्षा कमी पदार्थ, त्यातलेही एकेक गळत चाललेत, वजन वाढत नाही किंवा पाणी पिताना ठसका लागतो, असं असेल तर हे नुसतं घरच्या घरी करण्याचं काम नाही. ‘आरफिड’ (मोजकेच पदार्थ खाऊन बाकीचे टाळण्याचा विकार) हे २०१३ पासून स्वतंत्र निदान आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुमचा मुलगा तीन पदार्थांवर आहे, तेव्हा वरचं सगळं सुरू करा, पण बालरोगतज्ज्ञांची वेळही याच आठवड्यात घ्या.

प्रश्न : नातू पराठा खातो. त्यात पालक वाटून, न सांगता घातला तर?
– एक आजी, महाल

उत्तर : आजी, त्याला कळेल. मग पालक तर जाईलच, पराठाही जाईल. घालायचाच तर त्याच्यासमोर घाला. एक लहानसा हिरवा पराठा वेगळा लाटा, त्याचा नेहमीचा पांढरा पराठा शेजारी ठेवा. आणि पालकावर एवढा जीव टाकू नका, त्यातलं लोह फारसं अंगी लागत नाही. त्यापेक्षा पराठ्याबरोबर हरभऱ्याचं काही आणि वरून लिंबू जास्त कामाचं.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, एडीएचडी. मिथाइलफेनिडेट सुरू केल्यापासून शाळेचा डबा भरलेला परत येतो. रात्री दहाला मात्र ‘भूक लागली’ म्हणून रडते. शिवाय जेवताना खुर्चीत एक मिनिट टिकत नाही. गोळी बंद करावी का?
– एक बाबा, मानेवाडा

उत्तर : मनाने बंद करू नका. या गोळीने भूक मंदावते हे खरं, पण ती दिवसभर नाही. लवकर उतरणारी गोळी साधारण चार तास चालते, लांब चालणारी आठ ते बारा. जेवणाच्या वेळा गोळीच्या तालावर बसवायच्या.

सकाळी आधी खाणं, मग गोळी. शाळा साडेसातची असेल तर पावणेसातला ताट पुढे हवं, आणि ते भरीव हवं. पोह्यांत मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे टाकले की १७० कॅलरी आणि सात-साडेसात ग्रॅम प्रथिनं वाढतात. तर्री नको, घाईच्या सकाळी तिखटाने घास अडतो. अंडं खात असेल तर एक अंडं. वरून चमचाभर तूप, ४५ कॅलरी.

डब्यात पोळी-भाजी भरून ती परत आल्याचं दुःख करण्यात अर्थ नाही. औषध ऐन भरात असतं ती ही वेळ. शेंगदाणा-गुळाचा एक २५ ग्रॅमचा लाडू सव्वाशे कॅलरी देतो आणि चार घासांत संपतो. असं छोटं, कोरडं, वास न येणारं द्या. उरलं तर विचारपूस नको.

खरं जेवण संध्याकाळी पाचला. चिवडा-बिस्कीट नाही. वरण-भात-तूप, भाकर-झुणका, पाटवडी, जे घरी दुपारी झालं असेल ते पोटभर. साडेआठला दुसरं जेवण. दहाची भूक खोटी नाही, गोळी उतरल्यावर दिवसाची बाकी निघते. त्या वेळी दूध-केळं असं रोजचं ठरलेलं द्या.

खुर्चीचं म्हणाल तर तिचे पाय बघा. अधांतरी लोंबकळत असतील तर अर्धं लक्ष तोल सांभाळण्यात जातं. गुडघे काटकोनात येतील एवढ्या उंचीचा पाट पायाखाली ठेवा, किंवा खाली पाटावर, पाठ भिंतीला टेकवून बसवा. जेवण वीस ते तीस मिनिटांत आटोपायचं, मध्ये एकदा उठून पाणी आणायला पाठवलं तरी हरकत नाही. उलट ते काम तिलाच द्या.

वजन तीन महिन्यांनी, उंची सहा महिन्यांनी, काटा तोच. वजन घटलं किंवा वाढीची रेघ खाली वळली की तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळीची वेळ, मात्रा, प्रकार, सुट्टीतला खंड, यांतलं बरंच काही त्यांना बदलता येतं.

प्रश्न : गहू आणि दूध बंद केलं की ऑटिझम कमी होतो, असं आमच्या ओळखीतले सांगतात. विदर्भात ज्वारी आहेच. मग सहा वर्षांच्या मुलाचं करून बघायला काय हरकत?
– एक आई, वर्धा रोड

उत्तर : स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर या पथ्याचा भरवशाचा पुरावा नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्ट म्हणतात, त्यासाठी असली पथ्यं वापरू नका. हरकत काय, तर ही: मूल आठच पदार्थ खातं आणि त्यांतले पाच गहू-दुधाचे असतात. ज्वारीची भाकर आपल्याला परकी नाही, पण ज्याने ती कधी तोंडात घातली नाही त्याच्या लेखी ती आहेच कुठे?

पोट फुगतं, सतत जुलाब होतात, वजन वाढत नाही, असं असेल तर गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा सीलिॲक आजार आहे का ते रक्तात तपासा, पण गहू चालू असतानाच. आधी गहू सोडला तर तपासणी खोटी ‘नाही’ दाखवू शकते आणि निदान वर्षानुवर्षं लांबतं.

दूध बंद करणं त्याहून महागात पडतं. पाव लिटर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, या वयाची गरज ५५० च्या घरात. तीस ग्रॅम नाचणीतून शंभरेक मिळतं. म्हणजे तीन वेळा नाचणी. खाणार आहे का तो? डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून सांगितलं तर गोष्ट वेगळी, मग आहारतज्ज्ञाकडून लेखी पर्याय घेऊनच बंद करा.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. दोन वर्षांपासून फक्त पोळी, शेव, बिस्कीट. महिनाभर पाय दुखतात म्हणतो, आता लंगडतो. एक्स-रेत काही निघालं नाही. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं.
– एक आई, सक्करदरा

उत्तर : हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला फोनवरही कळवलं आहे. बालरोगतज्ज्ञांकडे लगेच जा. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मेयो रुग्णालय, मिहानचं एम्स, जवळ असेल तिथे. मूल दोन वर्षांत काय खातंय याची यादी कागदावर लिहून न्या, कारण पाय दुखतो म्हटल्यावर जेवणाचं कुणी विचारत नाही. हा ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा स्कर्व्ही असू शकतो. मर्यादित खाणाऱ्या स्वमग्न मुलांत तो आजही सापडतो. तोच निघाला तर औषधाने दुखणं काही दिवसांत उतरू लागतं. मात्र लंगडण्याची इतर कारणंही डॉक्टरांनी तपासायला हवीत.

संत्र्यांच्या गावात स्कर्व्ही, ऐकायला विचित्र वाटतं. पण अशा मुलांना नडते ती बहुतेकदा फोडीची साल आणि आतले फुटणारे दाणे, चव नाही. बारीक गाळणीने दोनदा गाळलेला ताजा रस द्या. दीडशे मिली रसात या वयाची दिवसाची, ४०-४५ मिलिग्रॅमची, गरज साधारण भागते. सुरुवात एका चमच्याने, त्याच्या नेहमीच्या पेल्यातून. रस गरम करू नका, काढून ठेवूही नका. संत्रा बर्फीवर आणि बाटलीतल्या सरबतावर विसंबू नका. रस अजिबात नकोच म्हणाला तर चघळायची गोळी, डॉक्टर सांगतील तेवढी.

प्रश्न : एप्रिल-मे लागला की आमची सहा वर्षांची मुलगी जवळजवळ खातच नाही. उन्हाने भूक जाते हे समजतं, पण ती जेवणघरात यायलाच तयार नसते.
– एक आई, जरीपटका

उत्तर : कूलर जेवणघरात आहे का? पंख्याची घरघर, पंपाचा आवाज आणि ओल्या गवताचा वास, तिन्ही एकदम. जेवणाची वीस मिनिटं कूलर बंद ठेवा किंवा ताट दुसऱ्या खोलीत मांडा. मोठं खाणं सकाळी सातला आणि रात्री आठनंतर. दुपारी थंड ताक, आंबील, तिला चालत असेल ते. पाणी खुणा केलेल्या बाटलीतून मोजून द्या. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की शौच खडा होतो, पोट भरलेलं वाटतं आणि भूक आणखी जाते. तीन दिवस शौचाला झालं नसेल तर आधी त्याचं बघा. या दोन महिन्यांत नवे पदार्थ शिकवू नका. आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, पायऱ्या चढायला त्यानंतर घ्या.