भर महासागरात खारेपणा बदलतो का, आणि ०.२ चा फरक खरा मानावा का?

प्रश्न असा आहे: कर्कवृत्ताजवळ भर अटलांटिकमध्ये ना नदी, ना बर्फ, मग तिथे पृष्ठभागाची क्षारता (दर हजार भाग पाण्यात मीठ किती भाग) जागोजागी वेगळी का? आणि जहाजाच्या नोंदीत दिसलेला ०.२ चा फरक खरा की यंत्राचा?

बाष्पीभवन जास्त, पाऊस कमी, म्हणून पाणी खारट, हे शाळेतलं उत्तर अर्धंच आहे. तेवढंच खरं असतं तर उत्तर अटलांटिकचं सर्वांत खारट पाणी १५ ते २० अंश उत्तरेला मिळालं असतं, कारण बाष्पीभवन पावसावर सर्वांत जास्त मात करतं ते त्या पट्ट्यात. मिळतं मात्र २५ अंशांच्या आसपास, दर हजारी ३७ च्या वर. व्यापारी वारे ईशान्येकडून येतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचा थर वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे वायव्येला सरकतो आणि वाटेत आटत जातो. उत्तरेकडून पश्चिमी वारे पाणी दक्षिणेला लोटतात. दोन्ही जिथे भेटतात तिथून हे जड पाणी खाली उतरतं. कॅरिबियन समुद्रात शे-दीडशे मीटरवर जो खारट थर लागतो तो याचाच.

हिशेब करून बघा. वर्षाला निव्वळ एक मीटर पाणी उडालं आणि थर १०० मीटरचा धरला, तर क्षारता ०.३७ ने वाढायला हवी. दरवर्षी तशी वाढत नाही, कारण भोवरे आजूबाजूचं कमी खारट पाणी आत आणतात आणि हिवाळ्यात थर खोल घुसळला की खालचं गोडसर पाणी वर मिसळतं. २०१२-१३ मध्ये २५ उत्तर, ३८ पश्चिम या ठिकाणी स्पर्स या क्षारतेच्या अभ्यासमोहिमेत वर्षभर नांगरलेला बॉया (मोजणी करणारा तरंगता तराफा) होता, तो हाच ताळेबंद मांडण्यासाठी. पावसाचं गणित वेगळं. १० मिलिमीटरची सर वरच्या एकाच मीटरमध्ये राहिली तर क्षारता ०.३७ ने घसरते. ५० मीटरमध्ये मिसळली की फरक ०.००७, म्हणजे दिसतही नाही. म्हणून वारा पडलेला असताना घेतलेली नोंद आणि वारा सुटल्यावरची नोंद एका तक्त्यात शेजारी ठेवू नका.

आता तुमचे ०.२. इथे लोक लगेच जहाजावरच्या सेन्सरला शिव्या देतात आणि पडताळणीसाठी बाटलीत भरलेल्या नमुन्याला देव मानतात. मला ते कधीच पटलेलं नाही. सेन्सर क्षारता मोजतच नाही, विद्युतवाहकता मोजतो. ती तापमानाबरोबर वाढते, म्हणून पाण्याचं तापमान वाहकता मोजणाऱ्या नळीपाशीच घेतलेलं हवं. पाणी जहाजाच्या बुडाशी आत येतं, पंप आणि पाइपातून जाताना ०.३ अंश तापतं, आणि कोणी हिशेबात बुडाचं तापमान घातलं तर क्षारता ०.२ हून जास्त फुगते. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय, आधी ते तपासा. नळीत शेवाळ चढलं किंवा बुडबुडे शिरले तर उलट, आकडा कमी येतो. बुडबुड्यांचे आकडे उड्या मारतात, शेवाळाचा आकडा आठवड्यागणिक हळूच उतरतो.

बाटली चुकते ती बहुतेक वेळा खारटाकडे. नमुन्याच्याच पाण्याने तीनदा विसळायची, खांद्यापर्यंत भरायची, प्लॅस्टिकचा आतला बूच आधी, झाकण नंतर, आणि मान पुसून कोरडी करायची. मानेवर सुकलेलं मीठ पुढच्या नमुन्यात पडतं, ढिल्या झाकणातून पाणी उडतं. मोजण्याआधी बाटल्या दिवसभर सॅलिनोमीटरच्याच (नमुन्याची क्षारता मोजणाऱ्या यंत्राच्या) खोलीत ठेवायच्या आणि यंत्र प्रमाण सागरजलाच्या, म्हणजे क्षारता आधीच ठाऊक असलेल्या पाण्याच्या, कुपीवर लावून घ्यायचं. शेवाळ धरलेला सेन्सर कमी सांगतो, ढिली बाटली जास्त, आणि दोघांच्या चुकांची बेरीज एकट्या सेन्सरच्या माथी मारली जाते! ‘बाटली म्हणते तेच खरं’ म्हणणाऱ्याकडे झाकणांची अवस्था विचारा.

उपग्रहाशी ताडून बघणार असाल तर तो वरचा जेमतेम सेंटिमीटरभर थर बघतो आणि जहाजाची पाणी आत घेणारी नळी तीन ते पाच मीटर खाली असते. पाऊस पडून गेल्यावर दोन्ही जुळणार नाहीत, आणि दोन्ही बरोबर असतील. हे सगळं भर महासागराबद्दल आहे; अरबी समुद्राला लावू नका, तिथे हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचं कमी खारट पाणी केरळच्या बाजूने उत्तरेकडे सरकतं.