एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाताना आहार कसा ठेवावा? प्रोटीन पावडर, लोहाच्या गोळ्या घ्याव्यात का?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरमध्ये दोघं नवरा-बायको बेस कॅम्पला निघालाय, दर रविवारी सिंहगड चालू आहे, आणि जिमच्या ट्रेनरने प्रोटीन पावडर, बीटाची पावडर, लोहाच्या गोळ्या अशी यादी हातात ठेवलीय. त्यातलं बहुतेक सामान घरी राहिलं तरी काही बिघडणार नाही. वर ताटात काय आहे यापेक्षा ते घशाखाली उतरतंय का, हाच खरा प्रश्न असतो. मी ग्रुप घेऊन त्या वाटेने जात असतो, त्यामुळे हे दरवेळी समोर दिसतं.

बेस कॅम्पच्या वाटेवरचं लोबुचे गाव ४,९४० मीटरवर आहे. तिथल्या लॉजच्या डायनिंग हॉलमध्ये संध्याकाळी नुसती नजर फिरवा. खालच्या नामचे गावात तीनदा भात वाढून घेणारा गडी इथे चमच्याने तोच भात इकडून तिकडे सारत बसलेला असतो. तोंडाला चव नाही, डोकं जड, आणि मधल्या शेगडीत जळणाऱ्या याकच्या गोवऱ्यांचा वास नको झालेला. गंमत म्हणजे याच दिवसांत शरीर बसल्या जागीसुद्धा खालच्यापेक्षा जास्त ऊर्जा खर्च करत असतं.

हे थकव्यामुळे किंवा थंडीमुळेच होतं असं नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत ‘ऑपरेशन एव्हरेस्ट २’ नावाचा प्रयोग झाला. काही तरुणांना ४० दिवस एका बंद दालनात ठेवून आतल्या हवेचा दाब हळूहळू एव्हरेस्टच्या माथ्याइतका खाली आणला. खोली उबदार, खायला हवं ते. तरी त्यांचं रोजचं खाणं ३,१३६ कॅलरींवरून १,७८९ वर आलं आणि सरासरी ७.४ किलो वजन गेलं. त्यात चरबी कमी आणि स्नायू वगैरेच जास्त. तुमचा ट्रेक इतका लांब नाही, एवढी झीज होणार नाही. पण भूक मरते ती उंचीमुळे, हे त्यातून स्पष्ट झालं.

आता काय खायचं? भात, बटाटा, पोळी, नूडल्स, साखर, गूळ. बेस कॅम्पला (५,३६४ मीटर) हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, त्यामुळे प्रत्येक श्वासाला पदरात पडतो निम्माच. तेवढ्याच ऑक्सिजनवर कार्बोहायड्रेटमधून चरबीपेक्षा साधारण ७-८ टक्के जास्त ऊर्जा निघते. शिवाय पचायला सोपं. म्हणून तिथला डाळ-भात, उकडलेले बटाटे, त्साम्पाची (भाजलेल्या सातूच्या पिठाची) लापशी, शेर्पा स्ट्यू (भाज्या-बटाट्याचं दाट सूप) हे सगळं आपल्या कामाचं आहे. तूप वर्ज्य नाही. भातावर चमचाभर घेतलंत तर कॅलरीही पोटात जातात आणि घासही सरकतो. माझ्या सॅकमध्ये मेतकुटाची डबी कायम असते. गरम भात, तूप, मेतकूट आणि लिंबाच्या लोणच्याची फोड एवढ्यावर नाही-नाही म्हणणारी माणसं वाटीभर तरी जेवतात.

चालताना दर तासाभराने काहीतरी तोंडात टाका, भूक लागायची वाट बघू नका. चिक्की, खजूर, राजगिऱ्याची वडी चालेल. चिक्की जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, नाहीतर बेस कॅम्पआधीच्या शेवटच्या मुक्कामी, गोरखशेपच्या थंडीत ती दाताला हरवते.

राजमा आणि उसळी वर टाळलेल्या बऱ्या. पाच हजार मीटरच्या आसपास पाणी ८३-८४ अंशांनाच उकळतं, कुकर नसेल तर कडधान्य कच्चंच राहतं. त्यात दाब कमी असल्याने पोटातला वायू फुगतो, आणि चार-सहा जणांच्या खोलीत त्याचा त्रास सगळ्यांनाच. नामचेच्या वर मांसही नको, ते खालून पाठीवर वाहून आणलेलं असतं. आणि नवरात्र ट्रेकमध्ये येत असेल तर घरच्यांशी आधीच बोलून ठेवा, तिथे उपास करू नका.

पाणी, सूप, चहा मिळून दिवसाला तीन-चार लिटर पुरे. लघवी फिकट पिवळी असली की झालं. सात-आठ लिटर नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम घसरतं, आणि त्याची लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच दिसतात. लसणाच्या सुपाने उंची लागत नाही याला पुरावा नाही, पण गरम आहे, खारट आहे, मिळेल तिथे प्या. चहाची सवय असेल तर तिथे जाऊन सोडू नका. चहा तुटला म्हणून दुखणारं डोकं उंचीमुळे दुखतंय असं वाटून उगाच घोळ होतो. दारू उतरून लुक्लाला, म्हणजे ट्रेक जिथे सुरू होऊन संपतो त्या विमानतळाच्या गावी.

लोहाच्या गोळ्या मात्र तपासल्याशिवाय नकोत. दोघांचीही हिमोग्लोबिन आणि फेरिटिनची (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची) तपासणी आत्ताच करून घ्या. बायकांमध्ये साठा कमी निघण्याची शक्यता जास्त असते. कमी निघालं तर डॉक्टर देतील त्या गोळ्यांनी साठा भरून यायला वेळ हातात हवा. साठा ठीक असेल तर गोळ्यांनी बद्धकोष्ठ आणि मळमळ तेवढी होईल. लोह लागतं ते रक्तातल्या तांबड्या पेशींना. उंचीवर त्या वाढवायचा हुकूम काही तासांतच सुटतो, पण त्या खऱ्या अर्थाने वाढायला आठवडे लागतात, तोवर तुम्ही पुण्यात परत आलेले असाल. बीटाच्या पावडरबद्दल संशोधनाचं एकमत नाही. प्रोटीन पावडर रोज घेत असाल तर न्या, मुद्दाम विकत घेऊ नका.

खाण्याने उंची पचत नाही, ती हळू चढल्यानेच पचते. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि नामचे-दिंगबोचेचे विश्रांतीचे दिवस वाचवायचे नाहीत. नुसती भूक मंदावली तर चालतं. डोकंही दुखतंय, मळमळतंय, तर बळजबरीने खाऊ घालू नका. गाईडला सांगा आणि त्या दिवशी वर जाऊ नका. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची का, किती, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

लुक्लाच्या विमानात सामान तोलून घेतात, तेव्हा खाऊ माणशी दीड-दोन किलोच्या वर नको. चकल्या नेऊ नका, चुरा होतो.