मोटरच्या बेअरिंगला ग्रीस किती मारायचं?

नवशिके बहुतेक वेळा ग्रीस कमी नाही, जास्तच मारतात. बेअरिंग ठासून भरलं की गोळ्या ग्रीस घुसळत बसतात, तापमान चढतं, तेल सुटतं आणि सील फुटून ग्रीस वाइंडिंगवर (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीवर) जातं.

साधा हिशोब: बाहेरचा व्यास × रुंदी (दोन्ही मिमीमध्ये) × 0.005 = ग्रॅम. 6309 नंबरच्या बेअरिंगसाठी 100 × 25 × 0.005, म्हणजे साडेबारा ग्रॅम. तुमची ग्रीसगन एका दाबात किती देते ते आधी वजनकाट्यावर बघा. दहा दाब कागदावर काढा, वजनाला दहाने भागा. प्रत्येक गनचा आकडा वेगळा येतो, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून ‘चार दाब’ मारू नका.

निपल (ग्रीस भरायचं तोंड) आधी पुसा, नाहीतर धूळ थेट आत जाते. ड्रेन प्लग (जादा ग्रीस बाहेर पडायच्या वाटेचं बूच) काढा, ग्रीस सावकाश भरा, मोटर अर्धा तास चालवून जादाचं बाहेर येऊ द्या, मगच प्लग लावा. निपल दाब घेत नसेल तर जोर लावू नका, वाट तुंबलेली असते.

मोटरमध्ये बऱ्याचदा पॉलियुरिया नावाच्या पदार्थाने घट्ट केलेलं ग्रीस असतं. त्यात लिथियमचं मिसळलं तर बरेचदा ते पातळ होऊन वाहून जातं. दोन्ही बाजूंनी सीलबंद बेअरिंगला मात्र हात लावायचा नाही. ते खराब झालं की बदलायचं.