डेकखालच्या घुशी: औषधाआधी जाळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला तळमजल्याच्या फ्लॅटपुढच्या बागेत लाकडी डेक करून घेतला, पहिल्याच पावसात त्याखाली उंदीर-घुशींचा वावर सुरू झाला, घरात लहान मूल आणि कुत्रा आहे, तर औषध कोणतं टाकू? माझं उत्तर: सध्या कोणतंच टाकू नका. डेकखालची ती वीतभर उंचीची अंधारी पोकळी हेच खरं दुखणं आहे. आतले मारले तरी जागा तशीच राहते आणि गटारातून पुढचं बिऱ्हाड येतं. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं होतात आणि तीही दोन-तीन महिन्यांत विण्याजोगी होतात. मारत बसलात तर पुरे पडणार नाही.

आधी आत कोण आहे ते बघा. बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग असेल तर बहुधा घूस. ती डेकच्या खांबांखालची मातीसुद्धा पोखरते, तेव्हा चालढकल नको. माती उकरलेली नाही, पण कुंड्यांमागे लेंड्या आहेत, तर पाइपावरून, झाडावरून ये-जा करणारा काळा उंदीर. लांब नाकाची, चिकचिक करत भिंतीच्या कडेनं पळते ती चिचुंद्री. ती झुरळं-किडे खाते, तिला राहू द्या. खात्री नसेल तर रात्री डेकच्या कडेनं रांगोळी भुरभुरवा, सकाळी पावलं दिसतील. बिळात वर्तमानपत्राचा बोळा कोंबा. दुसऱ्या दिवशी तो बाहेर ढकललेला असला की बीळ चालू आहे असं समजा.

आता जाळी. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी घेऊ नका, तिची तार मऊ आणि भोकं मोठी. वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगनं जोडलेली चौकोनी भोकांची जाळी मागा. घुशी आणि मोठ्या उंदरांना अर्ध्या इंचाची अडवते, पण घरातला चिमुकला उंदीर तिच्यातूनही सुटतो, म्हणून पाव इंचाचीच घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात ती मापानं कापून मिळते. खाऱ्या हवेत जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, जाळी लवकर गंजते. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी स्टेनलेस स्टीलचीच लावावी. डेकच्या चौकटीला वरून स्क्रूनं पक्की करा, खाली जमिनीत फूटभर उतरवा आणि तळाशी बाहेरच्या बाजूला आणखी फूटभर काटकोनात वळवून वर माती ओढा. हे वळण महत्त्वाचं. घूस उकरायला लागते ती अगदी कडेपाशी. जाळी लागली की आणखी खोल जायला बघते, फूटभर मागे सरून तिथून सुरुवात करत नाही. बाग पोडियमच्या, म्हणजे खाली पार्किंग असलेल्या स्लॅबवर असेल तर पुरण्याची गरज नाही, जाळी स्लॅबला घट्ट टेकवून अँगलनं आवळा.

सुतार किंवा कॉन्ट्रॅक्टर म्हणेल, त्यापेक्षा प्लाय किंवा सिमेंट शीट मारून टाकू. ऐकू नका. पावसाळ्यात खालून वारा खेळला नाही तर लाकूड कुजतं. एका बाजूची जाळी स्क्रू काढून उघडता येईल अशी ठेवा, म्हणजे टॉर्च मारून बघता येईल आणि पाइप मारून धुता येईल. आणि शेवटची बाजू बंद करण्याआधी रांगोळीची परीक्षा पुन्हा घ्या. आत अडकून मेलेल्या घुशीच्या वासानं महिनाभर खिडकी उघडता येत नाही. भिंतीत पाइप शिरतात तिथली भोकं स्टीलच्या तारेची घासणी कोंबून वरून सिमेंटनं बुजवा. नुसतं सिमेंट ओलं असताना उकरलं जातं.

पाहुणचार बंद करणं तितकंच गरजेचं. फळ्यांच्या फटींतून पडलेला चिवडा, रात्रभर बाहेर राहिलेला कुत्र्याचा वाडगा, उघडं कंपोस्ट, कबुतरांचे दाणे, पितृपक्षात कावळ्यासाठी ठेवलेला आणि कावळ्यानं न शिवलेला घास, सगळं सूर्यास्ताआधी उचला. कंपाऊंडमध्ये देशी बदामाचं झाड असेल तर खाली पडलेली फळं रोज झाडून घ्यावीच लागतात. चेंबरची फुटकी झाकणं आणि गटाराच्या जाळ्या सोसायटीच्या अखत्यारीत येतात. कमिटीला लेखी द्या. रस्त्याकडची बिळं असतील तर वॉर्ड ऑफिसच्या कीटकनाशक विभागाकडे तक्रार करा.

उरलेल्यांसाठी पिंजरा. उंदीर नव्या वस्तूला बुजतो, म्हणून दोन-तीन रात्री चाप न चढवता पिंजरा नुसताच सुका बोंबील किंवा भजी घालून भिंतीलगत ठेवा, मग चाप चढवा. पकडलेला शेजारच्या मैदानात सोडून येऊ नका, तो तुमचाच नाहीतर शेजाऱ्याचा पाहुणा होतो. पेस्ट कंट्रोलवाल्याकडे द्या. अल्ट्रासोनिक यंत्रं आणि डांबरगोळ्या यांवर मी एक रुपयाही घालवणार नाही.

औषधाला एवढा विरोध का? ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी शरीरात रक्तस्राव होऊन उंदीर काही दिवसांनी मरतो, तोही बहुधा हात न पोचणाऱ्या जागी. मधल्या काळात त्याला खाणाऱ्या मांजराला, घुबडाला, तुमच्या कुत्र्यालाही धोका. त्यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा तरी आहे. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत निकामी करते आणि तिला उतारा नाही. मूल असलेल्या घरात ती आणूच नये. सेल्फॉसच्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, घराला लागून असलेल्या बिळात त्या घालणं म्हणजे जिवाशी खेळ. आमिष लागलंच तर परवानाधारक माणसाकडून, कुलूपबंद पेटीत.

डेकखाली हात घालताना रबरी हातमोजे आणि गमबूट घाला. लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू उंदराच्या लघवीतून ओल्या मातीत येतात आणि पायाच्या जखमेतून शिरतात. लेंड्या कोरड्या झाडू नका, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं भिजवून मगच उचला. साफसफाईनंतर ताप आला तर डॉक्टरांना उंदरांचं आधी सांगा.

जाता जाता, डेक उघडलाच आहे तर खालच्या जमिनीला उतार द्या. साचलेल्या पाण्यात एडिस डास आठवड्या-दहा दिवसांत तयार होतो. खांब थेट मातीत असतील तर खाली सिमेंटचे ठोकळे घाला, वाळवीचा थेट रस्ता बंद होतो. आणि घुशींच्या मागावर धामण किंवा नाग आलेला दिसला तर काठी न घेता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.