नळीतले लिटरभर पेट्रोल कोणाचे?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. माझा पुतण्या अमेरिकेत नोकरीला आहे. दिवाळीत गावी आला असताना त्याने सांगितले, की तिकडे पेट्रोल पंपावर एकाच नळीतून तीन प्रतींचे पेट्रोल मिळते आणि बटण कोणतेही दाबले तरी पहिले लिटरभर पेट्रोल आधीच्या गिऱ्हाइकाने घेतलेल्या प्रतीचेच येते. तेव्हापासून मनात शंका बसली आहे. आमच्या तालुक्याच्या पंपावर एकाच यंत्राला साधे आणि प्रीमियम अशी दोन्ही पेट्रोले आहेत. मी मोटारसायकलमध्ये एका वेळी शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकतो. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपासाठी कॅनमध्ये लिटर-दोन लिटर नेतो, आणि पंप नीट चालावा म्हणून तेवढ्यासाठी मुद्दाम प्रीमियम घेतो. तर पैसे प्रीमियमचे द्यायचे आणि घरी साधे न्यायचे, असे तर होत नाही ना?
— एक शेतकरी, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या पुतण्याने सांगितलेली गोष्ट तिकडच्या बहुतेक पंपांपुरती खरी आहे. आपल्याकडे मात्र ती सहसा लागू पडत नाही. तरीही आपला प्रश्न रास्त आहे, कारण नळीत अडकलेल्या पेट्रोलाचा फटका बसलाच, तर तो टाकी भरून घेणाऱ्याला नव्हे, तर आपल्यासारख्या लिटर-दोन लिटर घेणाऱ्याला बसतो.

पंपाच्या यंत्रात पेट्रोल मोजणारे मीटर खोक्याच्या आत असते आणि पेट्रोल अडवणारी झडप नळीच्या पार टोकाला, नोझलमध्ये असते. म्हणून विक्री थांबली तरी मीटरपासून नोझलपर्यंतची नळी भरलेलीच राहते. विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह चांगला असेल तर मोटार बंद केल्यावरही पाइप पाण्याने भरलेला राहतो, आणि उन्हात पडलेल्या पाइपातून दुपारी पहिले पाणी गरम येते, हे आपण रोज पाहता. ते पाणी सकाळपासून पाइपातच थांबलेले असते. पेट्रोलाचेही तसेच आहे. मीटरमधून एक लिटर पुढे सरकले, की दुसऱ्या टोकातून एक लिटर बाहेर पडते. त्यामुळे माप चुकत नाही. फक्त बाहेर पडणारे लिटर आता मोजले गेलेले नसते, ते आधीपासून नळीत असलेले असते.

हे पेट्रोल किती असते, याचा हिशेब सोपा आहे. नळीचा आतील व्यास १६ मिलिमीटर आणि लांबी ४ मीटर धरली तर तिच्यात सुमारे ०.८ लिटर मावते. व्यास १९ मिलिमीटर धरला तर तेवढ्याच लांबीत १.१ लिटर मावते. यंत्राच्या आतल्या नळ्यांचे थोडे वेगळे; पण एकूण लिटरभर म्हटले तर फारशी चूक होणार नाही.

आता असे समजा, की नळी सामायिक आहे, आधीच्या गिऱ्हाइकाने ९१ ऑक्टेनचे (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली वेळेआधी न भडकता पेट्रोल किती तग धरते, त्याचा आकडा) साधे पेट्रोल नेले आणि आपण ९५ ऑक्टेनचे मागितले. आपण एकच लिटर घेतले तर आपल्या कॅनमध्ये जवळजवळ सगळे ९१ चेच येईल. दोन लिटर घेतले तर निम्मे-निम्मे होऊन सरासरी ९३ पडेल. पाच लिटर घेतले तर ९४.२, आणि तीस लिटर घेणाऱ्या मोटारीला ९४.९ मिळेल. मिश्रणाचे ऑक्टेन असे सरळ सरासरीने काढणे ढोबळ आहे, पण अंदाजाला पुरेसे आहे. अर्थात आधीच्या गिऱ्हाइकाने प्रीमियम नेले असेल आणि आपण साधे मागितले असेल, तर त्याच नळीने आपला फायदाही होतो. परंतु साधे घेणारेच जास्त असल्यामुळे तोटा बहुतेक वेळा प्रीमियमवाल्याच्याच वाट्याला येतो.

अमेरिकेत हा प्रश्न नियमापर्यंत पोचला होता, पण तो ऑक्टेनमुळे नव्हे, तर इथेनॉलमुळे. तिथे १५ टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस आले, तेव्हा मोटारसायकली आणि गवत कापण्याची यंत्रे यांना ते चालणार नाही, असे ठरले. मग १० आणि १५ टक्क्यांचे पेट्रोल एकाच नळीतून देणाऱ्या पंपांवर एका वेळी किमान ४ गॅलन, म्हणजे सुमारे १५ लिटर, घेतले पाहिजे, अशी अट तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ मध्ये पुढे आणली. नळीतले लिटरभर पेट्रोल पंधरा लिटरांत विरून जावे, हा त्यामागचा हिशेब होता. मोटारसायकलच्या टाकीत पंधरा लिटर मावत नसतील तर काय करायचे, असा प्रश्न तिथल्या चालकांनी लगेच विचारला, आणि तो चुकीचा नव्हता.

पुतण्याशी बोलताना आणखी एक घोटाळा होण्याचा संभव आहे. तिकडच्या पंपावर ८७, ८९, ९३ असे आकडे दिसतात, म्हणून आपले ९१ चे पेट्रोल त्यांच्या ८७ पेक्षा सरस आहे, असे समजू नये. आपण ‘रिसर्च’ पद्धतीचा आकडा वापरतो. अमेरिकेत तो आणि अधिक कठीण परिस्थितीत काढलेला ‘मोटर’ पद्धतीचा आकडा, या दोहोंची सरासरी लिहितात. त्यांचे ८७ म्हणजे आपले साधारण ९१-९२.

आता आपल्या पंपाविषयी. आपल्याकडे एकाच यंत्रातून अनेक इंधने देतात, पण सहसा प्रत्येक इंधनाला स्वतंत्र मीटर, स्वतंत्र नळी आणि स्वतंत्र नोझल असते. खोके एक दिसते, आतले मार्ग वेगळे असतात. म्हणून प्रीमियमच्या नळीत आधीच्या गिऱ्हाइकाचे पेट्रोल असले तरी ते प्रीमियमच असते. खात्री करून घ्यायची असेल तर कोणाशी वाद घालण्याची गरज नाही. नोझल ज्या जागी अडकवतात तिथे इंधनाचे नाव लिहिलेले असते, आणि नोझल उचलल्यावर पडद्यावर त्या इंधनाचा प्रतिलिटर दर येतो. एकाच नोझलवर कधी साध्याचा आणि कधी प्रीमियमचा दर येताना दिसला, तरच नळी सामायिक असल्याचा संशय घ्यावा. पावतीही मागून घ्यावी. तिच्यावर दर छापलेला असतो.

फिल्टर पेपर किंवा घनता यांवरून हे कळेल का, असे आपल्या मनात येईल. नाही कळणार. पेट्रोलाचा थेंब टाकल्यावर कागदावर डाग राहिला तर भेसळीचा संशय घेता येतो. घनता पंपावर नोंदलेल्या आकड्याशी जुळते का, हेही पाहता येते. या दोन्ही तपासण्या मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पण साधे आणि प्रीमियम यांतला फरक त्यांत दिसत नाही. ऑक्टेन मोजण्यासाठी दाब कमी-जास्त करता येणारे एका सिलिंडरचे खास इंजिन लागते आणि ते प्रयोगशाळेतच असते.

नळीपेक्षा मोठा प्रश्न मात्र आपण विचारलेलाच नाही : फवारणी पंपाला प्रीमियम लागते का? ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलाची ताकद नव्हे. दाबाखाली वेळेआधी भडकून इंजिन ठोकू नये, म्हणून पेट्रोल किती तग धरते, याचे ते माप आहे. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला वरच्या आकड्याचे पेट्रोल लागते. पाठीवरच्या फवारणी पंपाचे छोटे इंजिन आणि नेहमीच्या वापरातली शंभर-सव्वाशे सीसीची मोटारसायकल साध्या पेट्रोलासाठीच बनवलेली असतात. सोबत आलेल्या पुस्तिकेत जो आकडा लिहिला असेल त्याच्या वरचे पेट्रोल घालून त्यांची शक्ती वाढत नाही आणि ॲव्हरेजही वाढत नाही.

शिवाय वर मी ९१ आणि ९५ यांचा फरक धरून गणित केले, तो फरकही आता तेवढा उरलेला नाही. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार पूर्वी देशात ८८ चे साधे पेट्रोल मिळत होते, बीएस-६ या प्रदूषणविषयक मानकांसाठी ते ९१ झाले आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ९५ पर्यंत गेले. मूळ पेट्रोलाचा आकडा ८४.४ आणि इथेनॉलचा सुमारे १०८.५, असे मंत्रालयाने म्हटले आहे. म्हणजे आज साध्याच्या नळीतही पूर्वीच्या प्रीमियमइतके ऑक्टेन आहे. प्रीमियममधील इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायने हा वेगळा विषय आहे, त्यासाठी कोणी जास्त पैसे देत असेल तर तो त्याचा निर्णय.

मात्र हे वाढलेले ऑक्टेन इथेनॉलच्या जिवावर उभे आहे, आणि म्हणूनच आपण पंपावरच्या नळीपेक्षा घरच्या कॅनकडे लक्ष द्यावे. इथेनॉल पाणी ओढून घेते. झाकण सैल असलेला कॅन आषाढ-श्रावणात गोठ्यात पडून राहिला आणि त्यात पुरेसे पाणी गेले, तर इथेनॉल पेट्रोलाला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते. वर उरलेले पेट्रोल इथेनॉलशिवायचे, म्हणजे कमी ऑक्टेनचे होते. दोन थरांतला तळचा थर इंजिनात गेला तर ते सुरूच होत नाही. टू-स्ट्रोक पंपाच्या बाबतीत तर पेट्रोलात मिसळलेले ऑइल वरच्या थरात राहते आणि खालच्या थरावर इंजिन चाललेच तर कोरडे चालते. नळीमुळे होणारे नुकसान एक-दोन आकड्यांचे. कॅनमुळे होणारे नुकसान पिस्टनचे. लागेल तेवढेच आणावे, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात आणावे आणि मागच्या हंगामातले यंदा वापरू नये.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या पंपावर टँकर रिकामा होताना मी पाहिला. चालकाने ज्या जाड पाइपाने डिझेल उतरवले, तोच पाइप लगेच पेट्रोलच्या कप्प्याला लावला. यामुळे पेट्रोल खराब होत नाही का?
— एक वाचक, ता. बाळापूर, जि. अकोला

उत्तर : सामायिक नळीचा प्रश्न आपल्याकडे खरोखर कुठे येत असेल तर तो इथे, टँकरपाशी. गायगावच्या डेपोतून निघणाऱ्या टँकरमध्ये वेगवेगळे कप्पे असतात आणि एकाच फेरीत पेट्रोल-डिझेल दोन्ही आणता येतात. परंतु पंपाच्या नळीत आणि टँकरच्या पाइपात एक महत्त्वाचा फरक आहे. पंपाची नळी भरलेली राहते. टँकरचा पाइप उतारावर असतो आणि टोकाला झडप नसते, त्यामुळे काम झाल्यावर चालकाने तो उचलून निथळवला तर आत फक्त ओलावा उरतो.

तरी वाईटात वाईट धरून पाहू. ७५ मिलिमीटर व्यासाचा ४ मीटर लांब पाइप पूर्ण भरलेला राहिला, तर त्यात साडेसतरा-अठरा लिटर डिझेल असेल. भूमिगत टाकीत १०,००० लिटर पेट्रोल असेल, तर हे प्रमाण ०.२ टक्क्यांपेक्षा कमी पडते. इतक्याने ऑक्टेन जाणवण्याइतके उतरणार नाही. टाकीत पेट्रोल थोडेच असताना असे घडले तर प्रमाण वाढेल, आणि डिझेल हे साध्या पेट्रोलासारखे ‘थोडे कमी आकड्याचे’ इंधन नाही. ते ऑक्टेन झपाट्याने खाली आणते. म्हणून दोन इंधनांच्या मध्ये पाइप पूर्ण निथळवणे, ही काळजी पंपचालकाने घ्यायला हवी. तसे होताना दिसले नाही तर मालकाला सांगण्यात संकोच कसला?

प्रश्न : काही जण पेट्रोल भरून झाल्यावर पंपावरच्या मुलाला नळी उंच धरून झटकायला सांगतात. त्याने खरेच काही मिळते का?
— एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : झडपेच्या पुढच्या तोंडात राहिलेले काही थेंब मिळतात, तेवढेच. नोझल बंद झाल्यावर मागची नळी कितीही उंच धरली तरी तिच्यातले पेट्रोल सुटत नाही. मापाचीच शंका असेल तर झटकत बसू नये, पंपावर ठेवलेले वैधमापनशास्त्र विभागाच्या मुद्रेचे पाच लिटरचे माप मागवून आपल्यासमोर भरून घ्यावे. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापेक्षा जास्त कमी भरल्यास तक्रार करता येते.